पागडीची खोली : वडील वारल्यावर मालक भाडं घेईना

चाळ_दुसरामजला
गिरगावातली १९४० पूर्वीची चाळ, पागडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली) खोली, सेस (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) भरला जातो. भाडेपावती वडिलांच्या नावावर, ते मार्चमध्ये वारले. आई आणि धाकटा भाऊ तिथेच राहतात, मी डोंबिवलीला. इमारत नव्या मालकाने घेतली आहे. त्याचा माणूस म्हणतो, पावती नावावर करायची तर बाजारभावाच्या ३३ टक्के द्या, नाहीतर भावाच्या नावाने ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करू. एप्रिलपासून भाडं घेतलेलं नाही. वरच्या मजल्याची मोरी आमच्या छतातून गळते, ते वेगळंच. आधी काय करावं?

स्मॉलकॉज_कट्टा
आधी त्या अ‍ॅग्रीमेंटवर सही करू नका. ते लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना असणार. सही झाली की भाऊ भाडेकरू न राहता लायसन्सी (नुसता परवानाधारक) होतो आणि मुदत संपल्यावर खोली खाली करून मागता येते. कित्येक खोल्या अशाच गेल्या आहेत.

३३ टक्के हा बाहेरच्या माणसाला खोली विकताना मालकाचा वाटा देण्याचा रिवाज आहे. कायद्यात तो आकडा कुठेच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५६ अशा हस्तांतरणाला पैसे घ्यायची मुभा देतं, पण वारसाहक्काला मालकाची संमतीच लागत नाही. कलम ७(१५) प्रमाणे मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. सोबत कोणी राहत नसेल तरच इतर वारस. म्हणजे आई किंवा भाऊ, तुम्ही नाही. दोघांपैकी कोण ते घरात ठरवा, बाकीच्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र करा. मृत्यूदाखला, रेशनकार्ड आणि त्या पत्त्याची आधारकार्डं जोडून मालकाला लेखी कळवा. वडिलांनी मृत्युपत्रात खोली कोणाला 'दिली' असेल तर त्यावर विसंबू नका.

पावतीपुस्तक
भाड्याचं आजच मार्गी लावा. मालक घेत नाही ही अडचण नाही, तुम्ही देऊ केल्याचा कागद नसणं ही अडचण आहे. एप्रिलपासूनची सगळी रक्कम, सेस आणि पाणीपट्टीसकट, मनीऑर्डरने पाठवा. महिने स्पष्ट लिहा. नुसतं 'भाडं' लिहिलं की कोणत्या महिन्याचं यावर वाद होतो. नाकारून परत आली तर तो शेरा असलेला कागद जपून ठेवा, तोच पुरावा. नवा मालक खरंच मालक आहे ना, यासाठी जुन्या मालकाचं पत्र किंवा खरेदीखताची प्रत मागा. भाडं घेतलं तर कलम ३१ खाली पावती द्यावीच लागते. पावतीवर 'भाडं'ऐवजी 'भरपाई' किंवा 'भाडेकरू'ऐवजी 'ऑक्युपंट' (नुसता राहणारा) असं लिहून आलं तर लगेच लेखी हरकत घ्या.

थकबाकीची नोटीस आली तर ९० दिवसांत पैसे द्या. त्याआधी दावा लावता येत नाही. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवस. त्यात थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा. लोक चुकतात ते इथेच: थकबाकी भरतात, व्याज विसरतात. किंवा एकदा सगळं भरून पुढचे महिने सोडतात. निकाल लागेपर्यंत नियमित भरलं तरच संरक्षण टिकतं. वर्षाला ४ टक्के वाढ कायदेशीर आहे, तिच्यावरून भांडू नका.

चाळ_दुसरामजला
पावसाळ्यात आईला डोंबिवलीला आणायचा विचार आहे. चालेल? आणि मोरीत संडास बांधून घेतला तर?

कुलूपकिल्ली
आईला आणा, पण भाऊ तिथे राहायला हवा. दाव्याआधी सलग ६ महिने खोली सबळ कारणाशिवाय वापरात नसेल तर कलम १६(१)(न) खाली मालक खोली खाली करून मागू शकतो, आणि बेस्टचं जवळपास शून्य युनिटांचं बिल हा मालकाचा लाडका पुरावा. वीज आणि गॅसची बिलं फाईलला लावत जा. आजारपण हे सबळ कारण ठरू शकतं, पण मग दवाखान्याचे कागद हवेत.

बांधकाम मात्र मालकाच्या लेखी परवानगीशिवाय नको, त्यावरूनही खोली खाली करून मागता येते. लाकडी पार्टिशन, ओटा, खिडकी, एसी यांना कायद्याने 'कायम बांधकामा'तून वगळलं आहे (पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे घेऊन). विटांचा संडास किंवा स्लॅबचा पोटमाळा त्यात बसत नाही.

पावतीपुस्तक
गळतीचं : कलम १४ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. महिना २०० रुपये भाडं असेल तर वर्षाला ६०० रुपये. त्यात प्लंबर दारातही येत नाही. नोटीस तरीही द्या, पुढे उपयोगी पडते. खरी वाट म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. सेस भरताय, तर चाळीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज फोटोंसकट विभागीय कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

स्मॉलकॉज_कट्टा
एक राहिलं. मालक वारसा नाकारतच राहिला तर धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूपण जाहीर करून मागता येतं. मनीऑर्डरचे कागद तिथे पहिल्या दिवसापासून लागतील.