चर्चा: डिस्पॅच आपोआप चालतं, मग मध्ये माणूस कशाला?

शिरोलीचा साचा: आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम. स्पेक्ट्रोचा (धातूत काय काय आहे ते तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट पास झाला की डिलिव्हरी चलन, चलनावरून बिल, बिलावरून ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन परवाना), सगळं आपोआप. माझ्या मते यात विटा चारच: सुरुवात करून देणारी घटना, काम, अट आणि थांबा (मंजुरीची वा उत्तराची वाट बघणं). बीपीएमएनच्या (कामाचे टप्पे चित्रात मांडायच्या पद्धतीच्या) आकृतीतही मुख्य खेळ घटनेचा गोल, कामाचा चौकोन आणि अटीचा हिऱ्यासारखा आकार एवढ्यांचाच. विटा नीट बसल्या की मध्ये माणूस लागत नाही.

उद्यमनगरी: अटीच्या विटेत काय भरलंय ते बघा की आधी! आमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं सरसकट '५० हजारांवर ई-वे बिल' कोंबलं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाख. पुण्याला ८० हजारांचा माल निघालेला, पोर्टल बंद, गाडी रात्री नऊपर्यंत गेटात उभी. उलट बेळगावला मशिनिंगला १५ हजारांचं कास्टिंग धाडलं, तर सॉफ्टवेअर म्हणालं ई-वे बिल नको. अहो, परराज्यात जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल धाडला की किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. गाडी कागलच्या पुढं अडकली. डिस्पॅचच्या पोराला हे तोंडपाठ होतं, त्याला विचारलं कुणी?

शिरोलीचा साचा: हे माझ्याच बाजूचं झालं भावा. अट फ्लोच्या, म्हणजे या आपोआप चालणाऱ्या साखळीच्या, पोटात गाडायचीच नसते. कुठल्या राज्यात, किती किंमत, विक्री की जॉबवर्क, असा तक्ता बाहेर ठेवायचा. नियम बदलला की एक ओळ बदलायची. आणि तो तक्ता त्या पोराच्याच ताब्यात द्या.

हिशेबवाली: तुम्ही दोघं अटीवरच भांडा. आम्हाला मारलं ते थांब्यानं. मालक लग्नाला, मंजुरी त्यांच्या मोबाईलवर दोन दिवस पडून. अमुक तासांनी कुणाकडे सरकायचं हे लिहिलंच नव्हतं. दुसरं म्हणजे, पोर्टलचं उत्तर उशिरा आलं तर सॉफ्टवेअरनं नव्या बिल नंबरनं परत धडक मारली आणि एकाच मालाची दोन ई-वे बिलं! २४ तासांत रद्द करता येतं म्हणून वाचले. परत पाठवण्याआधी 'हे आधीच झालंय का' हे विचारणारी वीट कुणीच बसवत नाही.

उद्यमनगरी: आता माझं शेवटचं. ऑर्डर २०० नगांची, ४० ब्लोहोलमध्ये (आत हवेची पोकळी राहिल्यानं) बाद गेले. नग जुळत नाहीत म्हणून चलन निघंना. गिऱ्हाइकाला फोन लावला, तो म्हणाला १६० आणा, बाकीचे सोमवारी. फोनची वीट कुठली?

शिरोलीचा साचा: 'काम'च ती. फक्त करणारा माणूस.

उद्यमनगरी: मग आला की मध्ये.