प्रॅक्टिकलला चारचा ग्रुप : एकजण टायट्रेशन करतो, तिघं सी.बी.आर. (परत परत सारखं येणारं ब्युरेटचं रीडिंग) उतरवतात

जर्नल_पेंडिंग
सोलापुरात बीएस्सी सेकंड इयरला आहे, केमिस्ट्री. आमच्याकडं टायट्रेशनला, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं किती द्रव लागला ते मोजायला, चौघांत एक ब्युरेट (खाली कॉक असलेली मापाची नळी). सर म्हणतात टीमवर्क शिका. आता टीमवर्क म्हंजे काय तर एकजण कॉक फिरवणार, एकजण फ्लास्क हलवणार तेही मूड असला तर, एकजण रीडिंग लिहिणार आणि चौथा पार्क चौकात चहाला. परीक्षेत मात्र प्रत्येकाला एकटं उभं करतात. मागच्या वेळी आमच्या ग्रुपमधल्याला पिपेटचा (ठरावीक द्रव ओढून घ्यायची नळी) बल्ब आधी दाबायचा का नंतर हेच माहीत नव्हतं, घाम फुटला बिचाऱ्याला. माझं मत, ग्रुप बंद करा.

सातरस्ता_कट्टा
आणि ब्युरेटी काय तू आणणार काय बे? साठ पोरांना साठ ब्युरेटी, साठ स्टँड, वर फुटल्या की ब्रेकेजचे पैसे कोण भरणार त्यावरून भांडणं. आम्ही पण चौघांतच केलं की, काय बिघडलं?

जर्नल_पेंडिंग
काय बिघडलं ते तूच सांग, आज तुला एंडपॉइंट, म्हणजे रंग नेमका बदलतो ती जागा, काढता येतो का?

सातरस्ता_कट्टा
मी बँकेत आहे ओ.

पिपेटवाली
तुम्ही दोघं भांडा, पण "एकजण रीडिंग लिहिणार" ती कायम मुलगीच का असते हे कुणी विचारलं का? दोन वर्षं माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडं. नावाप्रमाणं पिपेट हातात आली ती तिसऱ्या वर्षी, तेही पार्टनर आजारी होता म्हणून. ग्रुप नको असं नाही म्हणत मी, ग्रुपमध्ये कामं ठरून जातात आणि मग बदलत नाहीत, त्रास तो आहे.

बीएड_वाली_ताई
यावर जिगसॉ पद्धत आहे. एलियट अ‍ॅरॉन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. प्रत्येकाकडं विषयाचा एक तुकडा, तो त्यानं बाकीच्यांना शिकवायचा, आणि परीक्षा मात्र ज्याची त्यानं द्यायची. म्हणजे चहाला गेलेल्याचा तुकडा कुणाकडंच नसतो, बाकीचेच त्याला ओढून आणतात.

जर्नल_पेंडिंग
ताई, ऐकायला भारी आहे पण टायट्रेशनचे तुकडे होत नाहीत. डाव्या हातानं कॉक, उजव्या हातानं फ्लास्क, नजर रंगावर, हे एकाच माणसाचं काम आहे. दोघांत वाटलं की कॉकवाला म्हणतो तू सांगितलं नाहीस, फ्लास्कवाला म्हणतो तू थांबला नाहीस.

जुना_डेमो
बरीच वर्षं लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होतो म्हणून लिहितो, लांबेल जरा. जर्नल_पेंडिंगचं हाताचं म्हणणं एकदम बरोबर, टायट्रेशन एकट्यानंच करायचं. पण ग्रुपचा उपयोग टायट्रेशन झाल्यावर सुरू होतो. एकदा पाण्याचा कठीणपणा (त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) काढायला लावला, ईडीटीए नावाच्या रसायनानं, आणि पोरांना सांगितलं घरचं पाणी आणा. सोलापूरचं तुम्हाला माहीतच आहे, नळाला रोज पाणी कुठं येतं, त्यामुळं कुणी पिंपातलं आणलं, कुणी टँकरचं, कुणी बोअरचं. एकाच बोअरचं पाणी दोन शेजारी पोरांनी आणलं होतं. ५० मिली पाण्याला एकाचं रीडिंग २४.३, दुसऱ्याचं २५.९. दोघांच्याही वहीत तीन-तीन रीडिंग तंतोतंत सारखी, म्हणजे पहिलं काढलं आणि पुढची दोन "काढली", कळलं ना. एकेकटे असते तर दोघांनाही सही मिळाली असती. समोरासमोर बसवलं तेव्हा एकजण म्हणाला, तुझी फनेल ब्युरेटवरच आहे की रे, थेंब आत पडणार. दुसऱ्यानं फ्लास्क उचलून दाखवला, निळा झाल्यावर पण सोडत होतास तू. ईडीटीएत घोळ असा की वाइन रेडचा निळा झाला की पुढं कितीही घाला निळाच राहतो, अ‍ॅसिड-बेसच्या टायट्रेशनमधल्या फिनॉल्फ्थॅलिनसारखा गडद होऊन चुगली करत नाही. परत केलं, दोघांचं २४.३ आणि २४.४ आलं. ०.०१ मोलर ईडीटीए होतं, म्हणजे कठीणपणा लिटरला ४८६ मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याला मर्यादा २०० ची, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मग पोरांना कळलं घरच्या बादलीवर पांढरे डाग का पडतात.

सातरस्ता_कट्टा
आमच्या गीझरचं कॉइल दर वर्षी जातं ते यामुळंच होय!

एमआयडीसी_नाईट_शिफ्ट
कापड रंगवायच्या डाईंग युनिटच्या लॅबला आहे, अक्कलकोट रोड. डेमो साहेबांना अनुमोदन. आमच्याकडं सकाळच्या शिफ्टनं काढलेली शेड रात्रीवाल्यानं वहीवरनं परत काढायची असते. वहीत खोटं असलं की अख्खा लॉट जातो. एकट्यानं शिका पण वही दुसऱ्यासाठी लिहा.

जर्नल_पेंडिंग
डेमो सर, पटलं अर्धं. पण तुम्ही समोरासमोर बसवलंत, आमच्याकडं सगळ्यांना सारखं रीडिंग आलं तरच सही मिळते, वेगळं आलं की "परत कर" आणि वेळ संपलेला असतो. मग माणूस शेजारच्याचंच लिहिणार की ओ.

पिपेटवाली
आणि लिहिणार कोण, तर मी.