सौदीत पाइप वेल्डरचं काम, एजंट 95,000 मागतोय. कागद कसे तपासायचे?

दाभोळखाडी:

धाकट्या भावासाठी विचारतोय. वय 24, आठवीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड, मग लोटे एमआयडीसीत ठेकेदाराकडे तीन वर्षं. टिग आणि आर्क, दोन्ही प्रकारचं वेल्डिंग करतो. दहावी नसल्यामुळे पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे सौदीला कामावर जाताना सरकारची परवानगी लागते.

गावाजवळचा एक माणूस सांगतो की मुंबईच्या एका ऑफिसकडे सौदीतल्या कंपनीची वेल्डरची मागणी आलीय. पगार 1,500 रियाल, राहणं कंपनीचं, दोन वर्षांचा करार. एकूण 95,000 रुपये मागतोय. त्यातले 20,000 आणि पासपोर्ट आत्ताच, बाकीचे व्हिसा आल्यावर. व्हॉट्सॲपवर कंपनीच्या लेटरहेडचं एक पत्र पाठवलंय, त्यावर भावाचं नाव नाही.

प्रश्न असे: फी किती घेता येते? ऑफिस खरं आहे हे घरबसल्या कसं कळेल? पासपोर्ट द्यावा का? आणि ट्रेड टेस्टची तयारी काय करायची?

कागद_आधी:

पैशांपासून सुरुवात करतो, कारण फसवणूक तिथेच होते. परदेशी कामावर पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सेवाशुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे 35,400. तेही एजन्सीच्या नावाच्या खात्यात आणि पावती घेऊन. 95,000 हा आकडा कायद्यात कुठेच बसत नाही. सौदीच्या कामगार कायद्याच्या कलम 40 प्रमाणे भरतीचा खर्च, इकामा (तिथला राहण्याचा परवाना), वर्क परमिट आणि करार संपल्यावर परतीचं तिकीट हे सगळं मालकाच्या माथी आहे. त्यामुळे "व्हिसाचे पैसे" असं कोणी म्हणालं तर तो कंपनीने आधीच उचललेला खर्च पुन्हा तुमच्याकडून घेतोय.

आता गावातला माणूस. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी भरती करता येत नाही, आणि त्या कायद्यात सब-एजंट नावाची जागाच नाही. एजन्सीची शाखासुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. म्हणून त्याला एक पैसाही देऊ नका, पासपोर्ट तर नाहीच. त्याच्याकडून फक्त मुंबईच्या ऑफिसचं पूर्ण नाव आणि आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, नंबर घ्या. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपला.

नंबर मिळाला की ईमायग्रेट या परदेशी नोकरभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर जा. नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिथे नाव किंवा नंबर टाका. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

परवाना चालू आहे ना? मुदत संपलेले, निलंबित आणि रद्द झालेले एजंटही नोंदीत दिसतात. नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, नावापुढचा शेरा वाचा.

पत्ता तोच आहे ना? दुसऱ्याच्या परवान्याचा नंबर स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. संकेतस्थळावर दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करा आणि विचारा, "अमुक कंपनीची वेल्डरची मागणी तुमच्याकडे आहे का, आणि हा माणूस तुमचा आहे का?" कार्डावरच्या नंबरवर फोन केलात तर उत्तर तोच माणूस देईल.

तिसरी गोष्ट मागणीची. ईसीआर पासपोर्टवाल्याला नेणाऱ्या परदेशी कंपनीची स्वतःची नोंदणी ईमायग्रेटवर लागते आणि तिची मागणी त्या एजंटाच्या नावाने चढलेली असते. कंपनीचा नोंदणी क्रमांक मागा. लेटरहेड कोणीही बनवतं.

त्याच संकेतस्थळावर बेकायदा एजंटांचीही यादी आहे, तीही एकदा बघून घ्या.

पासपोर्ट: इंटरव्ह्यूला झेरॉक्स पुरते. मूळ पासपोर्ट व्हिसाच्या अर्जाच्या वेळी लागतो, तेव्हा एजन्सीच्या शिक्क्याची पोच घेऊन द्यायचा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. "दुसरीकडे जायचं असेल तर 15,000 भरा, मग पासपोर्ट मिळेल" असं म्हणणाऱ्याविरुद्ध थेट तक्रार होते.

रूट_पास:

वरच्या उत्तराशी सहमत. मी टेस्टबद्दल लिहितो, कारण चांगल्या हाताची पोरं तिथे फुकट नापास होतात.

पाइप वेल्डरची टेस्ट बहुतेक वेळा 6जी पोझिशनला असते: पाइप 45 अंशात पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. नेहमीचा तुकडा 6 इंची, शेड्यूल 80 (जाड भिंतीचा), कार्बन स्टील. रूट, म्हणजे सगळ्यात आतला थर, टिगने आणि वरचे पास (थर) 7018 या आर्कच्या रॉडने. लोट्यातल्या ठेकेदाराकडे बरंच काम पाइप फिरवून किंवा सपाट होतं, त्यामुळे 45 अंशातला खालचा भाग हाताला सवयीचा नसतो.

फिट-अपवर, म्हणजे तुकडे जुळवून बांधताना, घाई करू नका. बेव्हल (कडेचा उतार) दोन्ही बाजूंना 37.5 अंश, रूट फेस (उताराखालची सपाट कड) एक-दीड मिलिमीटर, गॅप अडीच ते तीन, फिलर तार 2.4 मिलिमीटरची. गॅप एका बाजूला कमी झाला की तिथे पेनिट्रेशन येत नाही, म्हणजे वितळ आतपर्यंत पोचत नाही, आणि एक्स-रेमध्ये सरळ काळी रेघ दिसते. चार टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारा आणि रूट टाकायच्या आधी टॅकची टोकं ग्राइंडरने निमुळती करा. खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी, रूट खाली, बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि पाइपच्या आत खोलगट राहतो. तिथे करंट किंचित कमी आणि फिलर जास्त आत ढकलायचा. रूटला 90 ते 110 अँपिअरच्या आसपास बसतं, पण यंत्रं वेगवेगळी असतात. आधी भंगार तुकड्यावर करंट लावून बघू द्या अशी विनंती करा, कोणी नाही म्हणत नाही.

टिगला टॉर्च निगेटिव्ह, 7018 ला होल्डर पॉझिटिव्ह. टेन्शनमध्ये पोलॅरिटी बदलायची राहून जाते आणि हॉट पासलाच, म्हणजे रूटवरच्या पहिल्याच थराला, सगळं बिघडतं. यंत्राला हात लावण्यापूर्वी केबल बघायची सवय आत्तापासून लावा.

7018 चे रॉड भट्टीतले, कोरडेच घ्या. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड घेतला की पोरॉसिटी (वेल्डमधली बारीक भोकं) ठरलेली. टेस्ट सेंटरवाला उघडं पाकीट देत असेल तर भाजलेले मागा. जाणकार परीक्षकाला ते आवडतं.

कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, तीन मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि कडेला अंडरकट (खाच) नको. कॅप ग्राइंडरने घासून साफ करायला बहुतेक परीक्षक देत नाहीत, फक्त वायर ब्रश.

जुनं सर्टिफिकेट असेल तर न्या, पण त्यावर विसंबू नका. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या प्रोसेसने सहा महिने काम केलं नसेल तर वेल्डरची पात्रता संपते. शिवाय साइटवर पोहोचल्यावर कंपनी पुन्हा टेस्ट घेते. तिथे नापास झाल्यावर हेल्परच्या पगारावर बसवण्याचे प्रकार होतात, म्हणून करारात हुद्दा आणि पगार स्पष्ट लिहिलेला हवा.

सौदीसाठी आणखी एक परीक्षा आहे. त्यांच्या कौशल्य पडताळणी योजनेत वेल्डर हा ट्रेड येतो, त्याचं प्रमाणपत्र नसेल तर व्हिसा निघत नाही. त्यात लेखी भागही असतो. हात चांगला पण वेल्डिंगची चिन्हं आणि सुरक्षेचे नियम वाचलेले नाहीत, म्हणून अडकायला नको.

दाभोळखाडी:

दोघांचेही आभार. त्या माणसाला आरसी नंबर विचारला, तर "नंबर कशाला, व्हिसा हातात देतो" म्हणाला. मुंबईतल्या दुसऱ्या दोन एजन्सी संकेतस्थळावर शोधल्या, दोघांचे परवाने चालू आहेत. त्यातल्या एकीकडे वेल्डरचा इंटरव्ह्यू आहे. मेडिकल कधी करायचं? एकजण म्हणाला आधी मेडिकल करून ठेवा. दुसरा म्हणतो, भावाच्या नावाने आयकर रिटर्न भरा, पासपोर्ट ईसीएनआर (सरकारी परवानगी न लागणारा) होईल, मग काम लवकर होतं.

कागद_आधी:

मेडिकल निवडपत्र हातात आल्यावरच. आखाती देशांसाठी वाफिद या त्यांच्या सामायिक मेडिकल यंत्रणेतून स्लिप काढावी लागते, सेंटरही तिथूनच ठरतं. रिपोर्टला थोड्याच महिन्यांची मुदत असते. आधी केलं आणि व्हिसा लांबला तर पुन्हा पैसे. निवड नसताना पोरांना घाऊक मेडिकलला पाठवणाऱ्यांपासून दूर राहा, त्यांची कमाई तिथेच होते.

मात्र गावातल्या डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी, सी च्या तपासण्या आधी जरूर करा. अनफिटचा शेरा सामायिक यंत्रणेत चढतो, सेंटर बदलून तो पुसता येत नाही. लहानपणीच्या टीबीचा जुना डागसुद्धा अडचण करतो.

ईसीएनआरबद्दल माझं मत ठाम आहे: या खेपेला करू नका. दहावी पास, आयकर भरणारा किंवा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा असलेला, अशांना ईसीएनआर मिळतो. भावाचा ट्रेड एक वर्षाचा, म्हणून तो त्यात बसला नाही. पण ईसीआर म्हणजे शिक्षा नव्हे. ईसीआर असल्यामुळेच सौदीला कामावर जाताना उत्प्रवासन परवानगी लागते, आणि ती देताना करार, पगार आणि कंपनी हे सरकारच्या नजरेखालून जातं. घाई असलेल्या एजंटाला नेमकं तेच टाळायचं असतं. प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा अपघाती मृत्यू आणि कायम अपंगत्वाचा विमाही या परवानगीसाठी सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, वर लागू असेल तो कर. यासाठी कोणी हजारात मागत असेल तर थांबा.

क्रम साधारण असा: इंटरव्ह्यू आणि ट्रेड टेस्ट, निवडपत्र, मेडिकल, कौशल्य प्रमाणपत्र, बायोमेट्रिक आणि व्हिसा, विमा, उत्प्रवासन परवानगी, तिकीट. फीचा मोठा भाग व्हिसा निघाल्यावर द्यायचा असं आधीच लिहून घ्या.

जुना_टाइमकीपर:

पगाराचा आकडा नीट फोडून घ्या. "1,500 रियाल" म्हणजे बेसिक 1,500, की बेसिक 1,000 आणि जेवण वगैरे धरून 1,500? बऱ्याच कंपन्या ओव्हरटाइम बेसिकवर काढतात. महिन्याला 240 तास धरले तर 1,500 बेसिकचा तास 6.25 रियाल, दीडपट म्हणजे सुमारे 9.38. बेसिक 1,000 असेल तर तोच ओव्हरटाइम 6.25. महिन्याला 50 तास जादा काम झालं की दीडशे रियालचा फरक, आणि असे 24 महिने. पहिल्या पाच वर्षांसाठी सेवा संपल्यावरची रक्कम दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार अशी असते, पण दोन वर्षं पुरी होण्याआधी राजीनामा दिला तर हातात काही येत नाही.

करारात हे शोधा: रोजचे तास (आठवड्याला 48), राहणं, जेवण की जेवणाचे पैसे, ये-जा, प्रोबेशन किती, सुट्टीचं तिकीट कधी. "कंपनीच्या नियमाप्रमाणे" असं लिहिलेली ओळ म्हणजे त्या मुद्द्यावर काहीच ठरलेलं नाही.

व्हिसा आला की त्यावरचा व्यवसाय अरबी वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्या. वेल्डरला "लह्हाम" म्हणतात. तिथे "आमिल", म्हणजे साधा कामगार, लिहिलं असेल तर विमानात बसू नका. नंतर बदलून देतो म्हणणं सोपं असतं, तिथे पोहोचल्यावर भाऊ एकटा असतो. करार सौदीच्या किवा या सरकारी ॲपवरही चढतो. इकामा झाला की भावाने स्वतः लॉगिन करून आकडे जुळवावेत आणि वेगळे असतील तर मान्य करू नयेत.

आणि "आझाद व्हिसा" हा शब्द कानावर पडला की उठून यायचं. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक आणि काम दुसरीकडे, हे तिथे बेकायदा आहे. कफीलने पळून गेल्याची नोंद केली, त्याला हुरूब म्हणतात, की इकामा धोक्यात येतो आणि मजुरी मागणंही अवघड होतं. व्हिजिट व्हिसावर "आधी जा, मग वर्क व्हिसा करू" हेही तसंच.

रूट_पास:

एक राहिलं. निघण्यापूर्वी सरकारचं एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असतं, ते फुकट आहे आणि मुंबईत होतं. जरूर करा.

कागद_आधी:

घरी एक फाइल ठेवा: पासपोर्ट, व्हिसा, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, विमा पॉलिसी, फीची पावती आणि बँक ट्रान्सफरचा पुरावा. तिकडे काही अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद संकेतस्थळावर तक्रार घरचा माणूसही नोंदवू शकतो, आणि तेव्हा हेच कागद मागतात. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 11 3090. मुंबईतल्या एजंटाबद्दलची तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या, परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात. गावातल्या त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ईमायग्रेटवर तक्रार टाका. त्याने हेच पत्र आणखी कोणाकोणाला पाठवलं असेल.