वल्हांडण, पास्का की ईस्टर?

मधली_ओळ :
ईस्टरच्या उपासनेवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात 'पास्खा' हा ग्रीक शब्द यहुदी सणासाठी येतो, येशूसाठी येतो आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणापर्यंतच्या ५० दिवसांसाठीही येतो. मी सणाला वल्हांडण लिहिलं आणि त्या दिवसांना पास्काकाळ. तपासणाऱ्यांनी वल्हांडण खोडून सगळीकडे पासओव्हर केलं, वर शेरा की हा शब्द कोणाला कळत नाही. मराठी बायबलात तर हाच आहे! शिवाय लेखाचा मुद्दाच असा की तिन्हीकडे शब्द एकच. काय करू? परवा द्यायचंय.

पाटीपेन्सिल :
अजिबात खोडू देऊ नका. वल्हांडण, वलांडणे, ओलांडणे सगळे एकाच घरातले. बायबलातल्या निर्गम १२ मध्ये देव इजिप्तमधल्या थोरल्या मुलांना मारत जातो तेव्हा इस्राएल लोकांची, दाराला कोकराचं रक्त लावलेली घरं ओलांडून पुढे जातो म्हणून सणाचं नाव वल्हांडण, हिब्रूत पण क्रियापद पासाख आणि सण पेसाख. पासओव्हरमध्ये मराठी माणसाला काय ऐकू येणार, क्रिकेटची ओव्हर?

नावाडी :
मी तर आजवर समजत होतो की हे वल्ह्यावरून आलं. तांबडा समुद्र पार केला ना त्यांनी.

पाटीपेन्सिल :
अहो समुद्र दुभंगला आणि लोक कोरड्या जमिनीवरून गेले, वल्हं मारलं कोणी? आणि वल्हांडणाची रात्र समुद्राच्या आधीची.

नावाडी :
तरी कानाला वल्हंच ऐकू येतं बुवा.

शुद्धमती :
वल्हांडण हे बोलीतलं रूप आहे. मूळ उल्लंघन, त्याचं ओलांडणे झालं. प्रमाण लेखनात लंघनपर्व असा छान शब्द करता येईल.

खोडरबर :
लंघन म्हणजे उपाशी राहणं हो! कोकरू भाजून त्याच रात्री खायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही असा हुकूम असलेल्या सणाला लंघनपर्व?? आणि उल्लंघनातल्या घ चा ड कुठल्या वाटेने झाला तेही सांगा.

शुद्धमती :
लंघन म्हणजे ओलांडणंच, उपास हा नंतरचा अर्थ. समुद्रलंघन म्हणता तेव्हा समुद्र उपाशी राहतो का?

तळटीप :
भांडण चालू द्या, पण 'ओलांडणे' हा अर्थ तरी पक्का कुठे आहे. यशया ३१:५ मध्ये हेच क्रियापद घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांसारखं यरुशलेमेचं रक्षण करण्यासाठी आलंय, तिथे ओलांडून गेला म्हटलं तर रक्षण कोणी केलं? १ राजे १८:२१ मध्ये एलिया लोकांना विचारतो की दोन मतांमध्ये किती दिवस लंगडणार, तिथेही तीच अक्षरं, आणि २ शमुवेल ४:४ मधला मफीबोशेथ पडून लंगडा होतो तिथेही तीच, आता हे एकच मूळ की दोन यावर पंडितांचं जमत नाही. सेप्टुआजिंटच्या, म्हणजे हिब्रू बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या, भाषांतरकारांनी निर्गम १२:१३ ला चक्क 'मी तुम्हाला झाकीन' असं केलंय. व्हल्गेट या लॅटिन बायबलाने मात्र त्याच अध्यायात ट्रान्झिटस धरलं, म्हणजे पार जाणं, आणि पुढे सोळाव्या शतकातल्या टिंडेल या बायबल भाषांतरकाराने इंग्रजीत पासओव्हर घडवला. तेव्हा वल्हांडण ही अनेक वाचनांपैकी एका वाचनाची बाजू आहे, एवढं लक्षात ठेवून खुशाल वापरा.

आणि ग्रीकमधली गंमत तर राहिलीच. पास्खाचं पास्खेइन म्हणजे दुःख सोसणं याच्याशी काही नातं नाही, पण दुसऱ्या शतकात सार्दीसच्या मेलितो या बिशपने आपल्या प्रवचनात ते जोडलं, ख्रिस्ताने सोसलं म्हणून पास्खा. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन म्हणाला असं काही नाही, हा हिब्रू शब्द आहे, अर्थ पार जाणं, हिब्रू लोकांसमोर ही व्युत्पत्ती सांगाल तर हसतील. ओरिगेनचा तो ग्रंथ १९४१ साली इजिप्तमध्ये तुरा इथे पपायरसवर सापडला. पुढे संत ऑगस्टीनलाही तेच परत समजावून सांगावं लागलं.

नावाडी :
म्हणजे माझं वल्हं मेलितोच्या पंगतीत बसलं की! आता मी बोलणार नाही.

खोडरबर :
मेलितोला चूक कशाला म्हणायचं, तो व्युत्पत्ती सांगत नव्हता, प्रवचन करत होता. श्लेष करायला परवानगी लागते का.

तळटीप :
श्लेष म्हणून केला असता तर ठीक. तो आधी शब्द कशावरून आला ते विचारतो आणि मग उत्तर देतो.

मधली_ओळ :
हे सगळं छानच आहे हो, पण ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवतात त्या मोठ्या मेणबत्तीला काय लिहू? वल्हांडणाची मेणबत्ती लिहिलं तर भलतंच वाटतं.

पाटीपेन्सिल :
पास्काची मेणबत्ती. कॅथलिक मंडळी पास्काच म्हणतात. पण मग १ करिंथ ५:७ ला वल्हांडणच हवं, तिथे ख्रिस्तच वल्हांडणाचा कोकरू आहे.

तळटीप :
त्या ओळीत 'आपल्यासाठी' असेल तर बघा, सिनाईटिकस आणि व्हॅटिकेनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांच्या मूळ मजकुरात ते नाही. नंतरच्या नकलांमध्ये आहे, तिथूनच किंग जेम्स या १६११ च्या इंग्रजी बायबलात गेलं. त्याच किंग जेम्सने प्रेषितांची कृत्ये १२:४ मध्ये पास्खाला ईस्टर करून ठेवलंय, हेरोद राजाच्या काळात ईस्टर!

शुद्धमती :
कोकरू ती की ते की तो? वर 'तो' कोकरू वाचलं. आधी लिंग ठरवा.

खोडरबर :
'ते' कोकरू. आणि ताई, त्याच सणातली बेखमीर भाकर तुम्हाला चालते ना? खमीर अरबी, बे फारसी.

शुद्धमती :
अनाम्ल म्हणता येईल.

खोडरबर :
अनाम्ल भाकर! अ‍ॅसिडिटीवरचं औषध वाटतंय.