मदत हवी आहे: साहेब बोलके, शब्द देऊन मोकळे. प्लॅनिंगने काय करायचं?

प्लॅनिंगवाली, अंबड
आमच्याकडे नवे प्लांट हेड आले आहेत. माणूस मनाने चांगला, ऑपरेटरला नावाने हाक मारतात. पण चाकणच्या कस्टमरचा फोन आला की उभ्या उभ्या "गुरुवारी माल देतो" म्हणतात आणि मला ते संध्याकाळी कळतं. सविस्तर एक्सेल पाठवते, ते उघडत नाहीत. काय करावं?

सातपूरकर
फोन चालू असताना हाताशी आकडा नसतो, म्हणून तोंडाला येईल तो वार निघून जातो. आकडा तुम्ही पुरवा.

एका सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) हिशोब: ८ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा, उरली ४३०. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ६ मिनिटं असेल तर कागदावर ७१ नग बसतात. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलणं, मोजमाप, रिजेक्शन धरून ६०च सांगा. दोन शिफ्टला १२०. म्हणजे १५०० नगांना साडेबारा, धरा १३ दिवस. वर प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) माल बाहेर जाऊन यायचे २, एकूण १५.

साहेबांना हा हिशोब नको, फक्त त्यातून निघालेलं उत्तर पाठवायचं. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर तीन ओळी: पार्ट, आज तयार किती, कोणती तारीख बिनधास्त सांगता येईल. चौथी ओळ आली की वाचणं संपलं.

गंगापूर रोड
वरचं बरोबर, पण नुसत्या मेसेजवर हे गडी चालत नाहीत. शिफ्ट सुरू झाल्यावर ते राउंडला निघतात तेव्हा दहा मिनिटं बरोबर चाला. चालता चालता जे ठरेल ते पंधरा मिनिटांत लिहून पाठवा: "बोलल्याप्रमाणे ६०० नग शुक्रवारी, बाकीचे पुढच्या बुधवारी." दुपारपर्यंत ते खरंच विसरतात, त्यात लबाडी नसते.

वाईट बातमी आधी तोंडी, एकट्यात. चार जणांना सीसी करून मेल टाकलात तर त्यांना तो चारचौघांतला अपमान वाटतो. मग मुद्दा बाजूला राहतो आणि साहेब तुमची समजूत काढत बसतात. कस्टमरसमोर "नाही जमणार" म्हणू नका. "गुरुवारी ३०० देऊ, बाकी सोमवारी" म्हणा, साहेब लगेच तेच उचलतील.

आणि त्यांना कामाला लावा की! प्लेटरने माल अडवलाय, रविवारी ओव्हरटाइमला कोणी तयार नाही, असल्या ठिकाणी तुमच्या दहा मेलपेक्षा त्यांचा एक फोन भारी. फक्त फोनआधी नाव, नग आणि हवी ती तारीख चिठ्ठीवर द्या.

प्लॅनिंगवाली, अंबड
तीन ओळींचं उद्यापासूनच करते. एक राहिलं: रविवारी सगळ्या टीमला मिसळीला चला म्हणतात. दर वेळी जायलाच हवं का?

सातपूरकर
दर वेळी नको, महिन्यातून एकदा पुरे. नाही जाणार ते शनिवारीच सांगा. आयत्या वेळी गळालेलं त्यांना लागतं. तिथे तारखांचा विषय काढू नका. त्यांनी काढलाच तर "सोमवारी राउंडला सांगते" म्हणा, नाहीतर तर्रीच्या वाटीवर अजून एक गुरुवार ठरेल.