शब्दचर्चा : ‘पर्सन’ला ‘व्यक्ती’ म्हणावे का?

मडगावकर :
रिचर्ड द स्मेट (१९१६–१९९७) या बेल्जियन जेझुइट तत्त्वज्ञावर मराठीत टिपण लिहायला घेतले आहे. पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठात शिकवले, १९५३ साली रोममध्ये शंकराचार्यांच्या पद्धतीवर प्रबंध दिला, तरी मराठीत त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही. त्यांचा गाजायला हवा होता तो दावा असा, की शंकरांचे निर्गुण ब्रह्म ‘इम्पर्सनल’ नाही, म्हणजे जाणीव-इच्छा नसलेले नुसते तत्त्व नाही, ते ‘पर्सन’ आहे. आता हे लिहायचे कसे? ‘निर्गुण ब्रह्म ही व्यक्ती आहे’ हे वाक्य मलाच वाचवत नाही. दुसरे शब्द सुचतात ते पुरुष, इसम, जण.

फोंडेकर :
‘इसम’ पंचनाम्याला राहू द्या.

‘व्यक्ती’ कानाला खटकते त्याला कारण आहे. वि + अञ्ज्, म्हणजे प्रकट होणे. जे प्रकट झाले ते व्यक्त. गीतेचा बारावा अध्याय ज्याने एकदा तरी वाचला आहे त्याच्या मनात निर्गुण आणि अव्यक्त हे शब्द शेजारी-शेजारी बसलेले असतात. त्याला तुम्ही सांगणार की अव्यक्त ही व्यक्ती आहे! तो तिथेच पान मिटेल.

लॅटिन ‘पर्सोना’त ही अडचण नाही, कारण तिथे शब्दाला व्याख्या बांधून दिलेली आहे. सहाव्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याची व्याख्या : बुद्धियुक्त स्वभावाचे पृथक, स्वतःच्या ठायी असलेले द्रव्य. त्यात देह नाही, मर्यादा नाही, माणूसच हवा अशी अटही नाही. थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने ‘सुम्मा’ या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, एकोणतिसाव्या प्रश्नात हीच व्याख्या घेतली आणि हा शब्द ईश्वराला सर्वांत उत्तम अर्थाने लागतो असे म्हटले. पुढे आधुनिक भाषांत ‘पर्सन’ म्हणजे हाडामांसाचा माणूस असा अर्थ रूढ झाला, आणि सगुणाला ‘पर्सनल’, निर्गुणाला ‘इम्पर्सनल’ म्हणायची सवय पडली. द स्मेट यांचा आक्षेप नेमका या सवयीवर आहे. तेव्हा टिपणात व्याख्या आधी द्या, शब्द नंतर.

म्हापसेकर :
त्याच्याही आधी ‘गुण’ सोडवून घ्या. आपल्याकडे सगुण म्हटले की मूर्ती, निर्गुण म्हटले की निराकार, हे भजनांतून अंगवळणी पडले आहे. थोडा शिकलेला वाचक सांख्यांचे सत्त्व, रज, तम आठवतो. द स्मेट यांना तिसरा अर्थ हवा आहे, न्याय-वैशेषिकांचा : द्रव्याच्या आश्रयाने राहणारा, द्रव्याहून वेगळा धर्म. त्या अर्थाने निर्गुण म्हणजे ज्याला वरून चिकटलेले काही नाही ते. हे ‘सुम्मा’तल्या तिसऱ्या प्रश्नाच्या अगदी जवळ येते, जिथे ईश्वरात घटक नाहीत, आगंतुक धर्म नाहीत असे दाखवले आहे. वाचकाला हे कळले की ‘निर्गुण, म्हणून जाणीवशून्य’ हे अनुमान आपोआप गळून पडते. क्रम उलटा केलात तर ‘पर्सन’चा सगळा परिच्छेद वाया जाईल.

आणि एक खड्डा पुढे आहे. मूनिए (१९०५–१९५०) किंवा मारितँ या फ्रेंच कॅथलिक विचारवंतांकडे वळलात तर ‘पर्सनलिझम’ला, म्हणजे ‘पर्सन’ला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या त्यांच्या विचाराला, चुकूनही ‘व्यक्तिवाद’ लिहू नका. मराठीत व्यक्तिवाद म्हणजे समाजापेक्षा सुटी व्यक्ती मोठी मानणे. मूनिए ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर लिहीत होता तेच त्याच्या नावावर खपेल. मारितँ तर ‘इंडिव्हिज्युअल’ आणि ‘पर्सन’ यांची फारकत करतो. पहिल्याचे मूळ जडद्रव्यात, दुसऱ्याचे आत्म्यात. दोन्हींना ‘व्यक्ती’ घातले तर वाक्याला अर्थच उरत नाही. पहिल्याला ‘व्यष्टी’ चालते. ‘व्यक्तिमत्त्व’ही टाळा, ईश्वराचे व्यक्तिमत्त्व म्हटले की सत्कार समारंभातले भाषण वाटते.

केपेकर :
पण चर्चमध्ये ‘एक देव, तीन व्यक्ती’ रुळले आहे, ते कसे काढणार? आणि ‘पुरुष’ का नको? योगसूत्रात ईश्वर हा पुरुषविशेषच आहे की.

फोंडेकर :
त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) संदर्भात ‘व्यक्ती’ राहू द्या. तिथे शब्द शिकवणुकीने बांधलेला आहे. ‘पर्सन’साठीचा पोर्तुगीज ‘पेसोआ’ही तसाच बांधलेला होता, मग गोव्यात ते आडनावही असो. बंगाली कॅथलिक विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) यांनी १८९८च्या संस्कृत स्तोत्रात सच्चिदानंद हा शब्द त्रैक्याला लावून वेगळी वाट काढली. मात्र सत्, चित्, आनंद ही एकाच स्वरूपाची नावे. त्यांतून पिता, पुत्र, आत्मा यांचा परस्परभेद आपोआप निघत नाही, तो वेगळा सांगावा लागतो.

‘पुरुष’ नको, कारण सांख्य-योगातला पुरुष अकर्ता, साक्षी आहे. ‘पर्सन’ जाणतो आणि इच्छितोही. ‘पुरुषवाद’ असा शब्द केलात तर वाचक काय समजेल ते सांगायला नको.

मडगावकर :
पटले. ईश्वराबद्दल बोलताना शब्द नेमका त्याच अर्थाने नाही, पण अगदी वेगळ्याही अर्थाने नाही असा वापरतात, त्या ‘ॲनॉलॉजी’ला ‘सादृश्य’ केले आहे, ते ठीक ना?

फोंडेकर :
नाही. प्शिवारा (१८८९–१९७२) या जेझुइट तत्त्वज्ञाच्या ‘ॲनॉलॉजी’वरच्या १९३२च्या ग्रंथाचा कणाच कॅथलिक चर्चच्या १२१५च्या लॅटरन परिषदेचे वचन आहे : निर्माता आणि निर्मिती यांत साम्य कितीही दाखवा, वेगळेपण त्याहून मोठे असते. ‘सादृश्य’ शब्द साम्यावरच थांबतो. ‘उपमान’ तर न्यायातले प्रमाण, ‘गवय’ नावाचा रानटी प्राणी गाईसारखा म्हणून ओळखणे.

द स्मेट स्वतः ‘लक्षणे’कडे गेले, म्हणजे शब्द सरळ अर्थ न सांगता दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतो त्या शक्तीकडे. तैत्तिरीय उपनिषदातल्या ‘सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म’वर भाष्य करताना शंकर म्हणतात, ज्ञान या शब्दाने ब्रह्म लक्षित होते, सांगितले जात नाही. मात्र कोणती लक्षणा ते लिहा. काव्यशास्त्रकार मम्मटाची गौणी लक्षणा सादृश्यावर उभी असते, ती रूपकाच्या घरची. इथे हवी ती जहदजहल्लक्षणा, ‘तोच हा देवदत्त’ यातली. तेव्हाचा आणि आत्ताचा हे काळाचे भाग सोडायचे, देवदत्त ठेवायचा. ‘ज्ञाना’तला इंद्रियांवर अवलंबून असलेला, येणारा-जाणारा भाग सोडायचा आणि ज्ञान ठेवायचे. नुसते ‘लक्षणा’ लिहिले तर वाचक ‘गंगेवर गवळीवाडा’ (म्हणजे गंगेच्या काठावर) घेऊन बसेल. तिथे मूळ अर्थ पूर्ण सुटतो, आणि मग ब्रह्म ज्ञान नाहीच असे निष्पन्न होते.

म्हापसेकर :
लेख शोधताना दमू नका. बरेचसे नियतकालिकांत विखुरलेले होते, पण इवो कोएल्हो यांनी संपादित केलेले दोन संग्रह मोतीलाल बनारसीदासने काढले आहेत, २०१० आणि २०१३चे. ‘पर्सन’साठी पहिला घ्या.

मडगावकर :
मग वाक्य असे करतो : ‘शंकरांचे ब्रह्म निर्गुण असले तरी ते जड तत्त्व नव्हे. बोएथियसच्या व्याख्येने ते पर्सन आहे, जाणणारे आणि स्वाधीन.’

फोंडेकर :
सुरुवातीला ‘द स्मेट यांच्या मते’ घाला. अद्वैताचा पारंपरिक अभ्यासक ब्रह्माला ‘जाणणारे’ म्हणू देणार नाही. त्याच्या लेखी ब्रह्म ज्ञाता नव्हे, ज्ञानच आहे, आणि तैत्तिरीय भाष्यात शंकरांनीही तेच म्हटले आहे. द स्मेट यांना त्याचे उत्तर द्यावे लागते, तेव्हा टिपणातही तो आक्षेप येऊ द्या.