दोन्ही म्हणा की!
वर ‘४, ५, ७ सेंमी बाजूंचा त्रिकोण विषमभुज म्हणायचा की विशालकोन’ यावर वाद चाललाय. दोन्ही म्हणा की! विषमभुज म्हणजे तिन्ही बाजू वेगळ्या, विशालकोन म्हणजे एक कोन ९० अंशांपेक्षा मोठा. बाजूंवरची विभागणी वेगळी, कोनांवरची वेगळी. कंपासपेटीतले दोन गुण्ये काढून बघा. काटकोन त्रिकोण दोन्ही, पण ४५-४५-९० वाला समद्विभुज आणि ३०-६०-९० वाला विषमभुज.

आणि कोनमापक कशाला हवाय? सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेशी ताडून बघा. इथे ४९ विरुद्ध १६ + २५ = ४१, म्हणजे मोठा, म्हणून विशालकोन. समान आला तर काटकोन, लहान आला तर लघुकोन. समभुजाला मात्र पर्यायच नाही, तिन्ही कोन ६० अंशांचे, त्यामुळे कायम लघुकोनच. (३, ४, ८ घेऊन बसू नका, ३ + ४ हे ८ पेक्षा कमी, त्रिकोणच होणार नाही.)